अर्धीच टाकी

पंढरीचं नाक कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. घरात त्याची फारशी हळहळ कुणी केली नाही, कारण महामायाचं नाक दोघांना पुरून उरायचं. दूध लागायच्या आधी ती उठायची. गॅसची नळी सैल झाली तर अंगणातून ओरडायची. "तुमचं नाक निस्तं चष्मा ठेवायला हाय," असं नवऱ्याला म्हणायची. मागच्या वर्षी ती गेली, आणि नांदेडच्या त्या घराला नाकच राहिलं नाही.

म्हणून गाडी चालवत लातूरला पोचेपर्यंत त्याला काही कळलं नव्हतं. लेक बुद्धप्रिया फाटकातच उभी होती. नातीला गाडीत चक्कर हवी होती. दोघी बसल्या, दार लागलं आणि लगेच उघडलं.

"पप्पा, पेट्रोलचा वास येऊन राहिला!"

"कुठं? मला तर न्हाई."

"तुम्हाला कसा येईल? उतर गं, उतर खाली." नातीला तिनं ओढूनच बाहेर काढलं. "नांदेडपासून असेच आलात? बाजूला कुणी काडी ओढली असती तर?"

"आलो की नीट."

"नशीब म्हणून. पप्पा, आता बास. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला पार्टसाठी जुनी गाडी घेतो म्हणतोय. रविवारी बोलावते त्याला."

लेकीचं चूक नव्हतं. ज्याला वास येत नाही त्यानं असली गाडी चालवू नये, हे त्यालाही कळत होतं. पण ती गाडी म्हणजे त्याच्या लेखी डावीकडची सीट होती. नांदेड-लातूर रस्त्यावर महामाया तिथं मांडीवर ओल्या हरभऱ्याचे ढाळे घेऊन बसायची. घाटे सोलायची, एक दाणा स्वतःच्या तोंडात, एक त्याच्या. अहमदपूर येईपर्यंत पायाखाली टरफलांचा ढीग. झाड म्हटलं की म्हणायची, "नांदेडात झाडते." आणि कधी झाडायची नाही. ती गेल्यावर त्यानंही झाडलं नव्हतं.

"रविवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "उदगीरला बसलिंगप्पाला दाखवून येतो."

"काचा उघड्या ठेवून जा. आणि वाटेत कुठं विडीवाल्याजवळ थांबू नका."

बसलिंगप्पाचं गॅरेज उदगीरला. पंढरी तिथं पाटबंधारे खात्यात कारकून होता, तेव्हा त्याची भाड्याची खोली ह्या गॅरेजला लागून होती. ही गाडीही बसलिंगप्पानंच पारखून दिलेली. पंढरीला पाहिल्यावर तो हात पुसत आला, पण गाडीकडे बघायच्या आधी त्याची नजर डाव्या सीटवर गेली. मग त्यानं नुसताच खांद्यावर हात ठेवला.

बॉनेट उघडून त्यानं पेट्रोलच्या नळ्या एकेक करून बोटानं चाचपल्या. कोरड्या. पोतं अंथरून गाडीखाली शिरला, टाकीचं बूड बघितलं. कोरडं. मागची सीट उचलली, खाली नाक घातलं, आणि मूठभर वाळकी टरफलं घेऊन वर आला.

"वास इल्ला, न्हाईच, पंढरीदादा. हरभरा तेवढा हाय."

"प्रिया खोटं बोलंल का?"

"तसं न्हाई. दुखणं डॉक्टरसमोर गप बसतंय कधी कधी." त्यानं टरफलं फेकली नाहीत, जिथली तिथं ठेवली. "वास कवा येतो, कवा न्हाई, काय अंदाज?"

"मला काय इचारतो? मला मोगरा बी येत न्हाई आन् मोरी बी न्हाई."

"मग वहिनींना यायचा का?"

"गाडीत कधी म्हणली न्हाई. पंपावर तेवढी कटकट करायची."

"काय कटकट?"

पंढरीला सांगताना हसू आलं. पंपावर गाडी थांबली की महामाया आधी खाली उतरायची. लांब जाऊन, नाकाला पदर लावून उभी राहायची आणि तिथून ओरडायची, "अर्धीच!" पंपावरची पोरं फिदीफिदी हसायची. एकदा त्यानं चिडून विचारलं होतं की फुल केली तर तुझं काय जातंय? ती म्हणाली होती, "गाडीला बी पोट असतंय. तडस लागंपर्यंत पाजली की ढेकर देते ती. वास येतो मला."

"आन् तू अर्धीच भरायचास?"

"भरायचो बाबा. भांडण कोण करणार?"

"आता?"

पंढरीनं चहाची कपबशी खाली ठेवली. "आता फुलच करतो. लातूरात शिरताना बी केलती. सारखं सारखं पंपावर एकट्यानं उभं राहू वाटत न्हाई."

बसलिंगप्पानंही कप ठेवला. मग एकदम उठला. "उठ. लातूरहून इथवर येऊन टाकी उतरलीय, म्हणून वास इल्ला. चल पंपावर."

काठोकाठ टाकी भरून ते परत आले. बसलिंगप्पानं मागचं चाक काढलं. पेट्रोल ओततो त्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी जाते. तिच्या वरच्या टोकाला, पट्टी आवळतात तिथं, एक बारीक चीर होती. चिरेतून ओल आली होती. ती बोटानं टिपून त्यानं हुंगली, आणि सवयीनं बोट पंढरीच्या नाकाशी नेलं. मग चूक कळून मागं घेतलं.

"हा बघ वहिनींचा ढेकर," तो म्हणाला. "अर्ध्या टाकीत पेट्रोल इथवर चढतच न्हाई."

पंढरी वाकून चिरेकडे बघत राहिला. वास येत नव्हता, पण ओल दिसत होती. इतकी वर्षं ती लांबून ओरडून हेच सांगत होती.

विडी ओढत बसलेल्या शेजाऱ्याला हाकलून बसलिंगप्पानं टाकी डब्यांत रिकामी केली, नवी नळी बसवली, दोन्ही पट्ट्या आवळल्या आणि सगळं पेट्रोल परत ओतलं. "आता ढेकर द्यायची न्हाई ती. पाज तिला तडस लागंपर्यंत."

लातूरला बुद्धप्रियानं पुढून मागून गाडी हुंगली. डिकीत डोकं घातलं. काचा लावून आत बसली, बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा ओढणीनं डोळे पुसत होती.

"वास येतो का?" पंढरीनं घाबरून विचारलं.

"पेट्रोलचा न्हाई," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला नको म्हणून सांगते."

पुढचे काही दिवस नातीनं आजोबाला औशाचा किल्ला दाखवायला लावला, मग परत एकदा दाखवायला लावला. नंतर तिघं मिळून नांदेडला निघाले. लातूरच्या बाहेर पंपावर गाडी थांबली. बुद्धप्रिया लेकीला घेऊन खाली उतरली, लांब गेली, नाकाला ओढणी लावली आणि तिथून ओरडली, "पप्पा, अर्धीच!"

"अगं, नळी नवी हाय!"

"असू द्या!"

पंपावरचा माणूस नळी हातात धरून उभा. "काय करू काका? फुल का अर्धी?"

"अर्धी," पंढरी म्हणाला. "ढेकर देते ती."