तीन कुलपांची पेटी

राजाच्या पेटीला तीन कुलपं. एक किल्ली खजिनदाराची, एक वसुली अधिकाऱ्याची, एक हिशेबनिसाची, म्हणजे माझी. तिघं हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही, असा कायदा. पण आमच्या या खाणीच्या गावात वसुली अधिकाऱ्याची जागा चार वर्षं रिकामी, आणि त्याची किल्ली खजिनदार फर्मिन लेस्कानोच्याच खिशात.

फर्मिननं बाप्तिस्म्याला माझ्या मुलीला हातात धरलं, तिचा धर्मपिता झाला, तेव्हापासून आम्ही कोंपाद्रे. सख्ख्या भावांहून जवळचे. एकदा म्हणाला, "कोंपाद्रे, एवढ्या थंडीत कशाला तडफडत येतोस? गुडघे सांभाळ. दे ती किल्ली इकडे."

दिली. परत मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. पैसे न मोजता सही करायची छाती नव्हती आणि मोजू दे म्हणायचीही नव्हती. म्हणून दोन वर्षं राजधानीला, लिमाला, हिशेब गेलेच नाहीत. खेचरं मिळत नाहीत, कारकून आजारी आहे, असं काहीबाही कळवत राहिलो. भित्रा मेला मी!

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात फर्मिन तापानं गेला. लिमाहून आलेल्या तपासनीस डॉन इन्यिगोंनी पेटी फोडली. चौदा हजार पेसो गायब.

"हिशेब का थांबवलेत?"

"न मोजता सही कशी करणार, महाराज?"

"मग मोजलं का नाहीत?"

मी फोडलेल्या पेटीकडे पाहिलं.

"बोला की! भीड पडली, असं लिहू?"

"लिहा."

कारकुनानं खरंच लिहिलं.

नोकरीला लागताना माझी विधवा बहीण मार्सेलीना मला जामीन राहिली होती. तिचं घर आणि पावाची भट्टी, दोन्ही गहाण. मी तपासनिसांच्या पाया पडलो. "मला तुरुंगात टाका, तिला सोडा."

"तुम्हाला टाकणारच आहोत. पण तुरुंगातून पैसे निघत नाहीत."

जप्तीला मलाही नेलं. मार्सेलीना कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. हात पुसत ती म्हणाली, "अरे, मला का नाही बोललास? मी गेले असते त्याच्या दारात किल्ली मागायला. मला कसली आलीय लाज!"

मला रडू आवरेना.

तिनं पाव काढायला भट्टीचं झाकण उघडलं. कारकून म्हणाला, "राहू द्या बाई. तेही यादीत आलेत."