माझं अर्धं अंग जमिनीत

मित्रांनो, लोखंड गंजलं की निदान कोणीतरी हळहळतं. मी पडलो अॅल्युमिनियमचा. माझ्यावर नुसती पांढुरकी पूड धरते आणि लोक म्हणतात, "चांगला आहे की अजून!" म्हणून माझं दुखणं मलाच सांगावं लागणार. मी एक जुना उभा अँटेना आहे. ओडिशात, समुद्राकडे तोंड केलेल्या जांभ्या दगडाच्या एका टेकाडावर, निराकार साहूंच्या घरामागे मी उभा आहे.

घरात एक सेट आहे. तो नुसता ऐकायचा रेडिओ नाही, त्यावरून बोलताही येतं. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, निव्वळ हौसेपोटी असं बोलणाऱ्या माणसांना हॅम म्हणतात. त्यांचा शब्द सेटमधून तारेने माझ्यापर्यंत येतो आणि मी तो आभाळात सोडतो.

माझा जन्म भंगारातला. शेताला पाणी शिंपडायच्या जुन्या नळ्या निराकारबाबूंनी आणल्या, एकीत एक बसवल्या आणि मला उभं केलं. उंची काही पुरेना. मग ती कसर भरून काढायला त्यांनी माझ्या बुडाशी तांब्याच्या तारेचं एक वेटोळं बसवलं. बाबूंचा धंदाच पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचा, त्यामुळे वेटोळं असं सुबक झालं की बघत राहावं!

पण मित्रांनो, उभ्या अँटेनाचं अर्धंच अंग वर दिसतं. दुसरं अर्धं जमिनीत असतं. बुडापासून चहूकडे पसरलेल्या तारा म्हणजे माझे पाय. ते भरपूर हवेत, नाहीतर मला दिलेली शक्ती वर जायच्या ऐवजी दगडमातीत जिरते. आमचं टेकाड तर कोरडं ठणठणीत, वरून पडलेलं पाणीही तिथे टिकत नाही. अशा ठिकाणी मला तारा मिळाल्या चार. घरात तारेची रिळंच्या रिळं पडलेली, पण विकायची तार मातीत कोण पुरणार?

मला तपासायला दिबाकर पटनायक आले. त्यांनीच बाबूंना परीक्षेसाठी शिकवलं होतं. सेट आणि माझ्यामध्ये त्यांनी काट्याचा एक डबा जोडला. काटा एकावर राहिला तर अँटेना उत्तम, वर चढला तर वाईट, असा त्यांचा हिशोब. काटा एकावरून तसूभरही हलला नाही.

"वा रे निराकार! माझ्या उभ्या जन्मात असा अँटेना पाहिला नाही," ते म्हणाले. लगेच छेनापोड, म्हणजे भाजलेल्या छेन्याची मिठाई, वाटली गेली.

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो? काटा फक्त एवढंच सांगतो की मी दिलेली शक्ती मुकाट घेतली, सेटकडे परत धाडली नाही. घेतलेली शक्ती आभाळात गेली की दगडात मुरली, हे त्याला काय ठाऊक! दोन वाटे दगडाला आणि एक आभाळाला, असं माझं चाललं होतं. कौतुक मात्र रोज व्हायचं. शेजारच्या सुलोचना मऊसी, म्हणजे मावशी, केवड्याची कणसं तोडायला जाताना म्हणायच्या, "कुंतला, तुझा नवरा तुझ्याशी कमी आणि या खांबाशी जास्त बोलतो गं!" कुंतला म्हणजे बाबूंची बायको. तिनेही परवाना काढला होता. ती हसून म्हणायची, "खांब उलट उत्तर देत नाही ना, मऊसी."

पुढे ते मोठं वादळ आलं. ते येण्याआधीच बाबू छोटा सेट आणि बॅटरी घेऊन दूर उत्तरेकडे, नदीच्या मुखावरच्या एका गावी गेले होते. टेलिफोन बंद पडले तर तिथली खबर बाहेर कळावी म्हणून. वादळाने मला गदागदा हलवलं, पण ताणांच्या दोऱ्यांनी धरून ठेवलं. माझ्याशेजारी नारळांना बांधलेली एक आडवी तार होती. जवळपासच्या बोलण्याला तीच खरी. मी लांब पल्ल्याचा, जवळच्या बोलण्यात कच्चा. नारळ उन्मळले आणि तार त्यांच्याखाली गेली. मी एकटाच उरलो.

सकाळी वारा पडला. वीज नव्हती, फोन नव्हते. कुंतलाने गाडीच्या बॅटरीवर सेट लावला आणि लगेच बाबूंचा आवाज आला, बारीक, पण ओळखू येणारा.

"वादळ गेलं. माणसं सगळी शाळेत आहेत, जिवंत आहेत. प्यायचं पाणी संपत आलंय. डाळभात पोटात गेला की सगळ्यांना होड्यांनी पलीकडे नेतो. कोणी ऐकतंय का? ओव्हर."

कुंतलाचे डोळे भरून आले. तिने माइक उचलला, इतक्यात दिबाकरबाबू धापा टाकत दारात आले. त्यांच्या हातात छोटा ट्रान्झिस्टर होता आणि चेहरा उतरलेला.

"बातम्या ऐकल्यास? वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत. नदीकाठच्या सगळ्यांना उंचावर जायला सांगतायत. दुपारनंतर पाणी मुखाशी पोचेल!"

"दुपारनंतर? अहो, हे तर तेव्हाच होड्या सोडतायत!"

तिने हाक मारली. "अहो, ऐकताय का? होड्या सोडू नका! वरून पाणी येतंय! शाळेच्या गच्चीवर चढा! ओव्हर."

उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज. "कोणी ऐकतंय का? ओव्हर."

मित्रांनो, ऐकणं आणि बोलणं सारखं नसतं. ऐकताना बाबूंच्या आवाजाबरोबर आभाळाची खरखरही तेवढीच मातीत जिरते, म्हणून आवाज कानाला वेगळा लागतो. बोलताना मात्र जे जिरलं ते गेलंच. ती घसा फोडून ओरडत होती आणि तिचा आवाज माझ्या पायाखालचा दगड पीत होता. मला कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं. तसा मी पुन्हा कधी तळमळलो नाही.

कलेक्टर कचेरीत निरोप द्यायला एक माणूस धावला होता, पण पडलेल्या झाडांनी सगळे रस्ते अडलेले. हाकेला उत्तर दिलं ते फक्त विशाखापट्टणमच्या अप्पलराजू नावाच्या हॅमने.

"अक्का, मीही त्यांना हाका मारतोय. माझा खांब मोडलाय, तार खिडकीशी लोंबतेय, माझं काही पोचत नाही. तुमचाही आवाज फार क्षीण आहे. अँटेना बघा."

"अँटेनाला काय धाड भरलीय?" दिबाकरबाबू म्हणाले. "काटा बघ. एकावर आहे!"

कुंतला काट्याकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "चूल धडधडतेय आणि भात शिजत नाही. मग जाळ जातो कुठे, दिबाकरभाई?"

"म्हणजे?"

"जमिनीत जातोय. परीक्षेला वाचलं होतं आपण. तारा चारच आहेत!"

ती उठली ती थेट दुकानात. गिऱ्हाइकांच्या मोटारींसाठी आणलेली रिळं तिने ओच्यात घेतली आणि माझ्याकडे धावली. मऊसीही पदर खोचून आल्या. एक टोक माझ्या बुडाशी बांधायचं, दुसरं धरून पळत सुटायचं, तार जमिनीवर टाकायची, वर दगड ठेवायचा, की पुढची. पुरत बसायला वेळ कुठे होता! केवड्याच्या काट्यांनी मऊसींचे हात ओरबाडले. "जन्मभर या खांबाला शिव्या दिल्या," त्या पुटपुटल्या, "आता त्याचेच पाय धरायची वेळ आली." एकेक तार जोडली जात होती तशी माझी ताकद मला परत मिळत होती.

आणि तेवढ्यात आतून दिबाकरबाबूंची आरोळी आली. "थांबा! थांबा! काटा चढतोय! दीडावर गेला! काढा त्या तारा!"

कुंतला आत धावली. "काढा? का?"

"वेडी आहेस का? अँटेना बिघडवलास तू! आणखी चढला तर सेट जळेल. सेट जळला तर निराकारचा आवाजही ऐकू यायचा नाही, कळतंय का तुला?"

त्यांची भीती खोटी नव्हती. सेट एकच होता आणि बॅटरीही उतरत चालली होती. दगडाचा वाटा कमी झाला की काटा हलणारच, कारण चार तारा असताना तो दगडाच्या जिवावरच एकावर बसला होता. हे त्यांना कोण सांगणार? आयुष्यभर त्यांनी काट्यावर विश्वास ठेवलेला. त्यांनी सेटच्या बटणावर हात ठेवला.

सेटमधून बाबू म्हणाले, "भात शिजला. डाळ पातळ आहे, पण गरम आहे. पोरांना आधी वाढतोय. मग निघतो."

कुंतला दिबाकरबाबूंच्या हातापुढे उभी राहिली.  "दिबाकरभाई, पाया पडते. काट्याला नको, माणसाला विचारू. एकदाच. अप्पलराजू, मी ऐकू येतेय का? ओव्हर."

क्षणभर नुसती खरखर. मग आवाज आला.

"अय्यो अक्का! काय केलंत काय? मघाशी कान लावावा लागत होता, आता स्वच्छ! जे केलंत ते आणखी करा!"

दिबाकरबाबूंनी बटणावरचा हात काढून घेतला. एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा कुंतलाकडे. मग चष्मा सावरत ते बाहेर आले आणि त्यांनीही एक रीळ उचललं. वयस्कर माणूस, ठेचकाळत, धोतर सावरत माझ्याभोवती पळत होता! सगळी रिळं संपली तेव्हा काटा दोनावर गेला होता. मग ते माझ्या बुडाशी उकिडवे बसले आणि वेटोळ्यावर तार पकडणारा चिमटा एकेक वेढा सरकवू लागले. मऊसी दारातून काटा बघून ओरडत होत्या, "उतरतोय! आणखी! आणखी थोडा!" काटा एकाजवळ आला. या वेळी मात्र शक्ती वर जात होती.

सेटवर आता बाबूंचा आवाज नव्हता. त्यांनी सेट बंद करून होडीत तर नसेल ठेवला? कुंतलाने डोळे मिटले आणि हाक मारली. बॅटरीत होतं नव्हतं ते सगळं त्या हाकेत गेलं, आणि मी त्यातला कण न् कण आभाळात फेकला.

"अहो, होड्या सोडू नका! धरणाचं पाणी येतंय! गच्चीवर चढा! ओव्हर."

खरखर. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा खरखर.

"कुंतला? कुंतला, तू? पाणी म्हणालीस? अगं, एक होडी सुटलीय..." आणि आवाज बंद.

 मऊसींनी कुंतलाचा हात घट्ट धरला. दिबाकरबाबू बॅटरीकडे बघत उभे होते, तिचा दिवा मिणमिणत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"परत आणली. पोरांनी थाळ्या बडवून बोलावली. सगळे गच्चीवर चढतोय. ओव्हर."

 दुपार कलायच्या सुमारास पाणी आलं आणि शाळेच्या खिडक्या बुडवून गेलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बोटींनी माणसांना गच्चीवरून उतरवलं. एकूण एक माणूस उतरला.

रस्ते मोकळे झाल्यावर बाबू घरी आले. पायरीवर बसून म्हणाले, "मनातल्या मनात तुला किती शिव्या घातल्या मी! म्हटलं, इथे नवरा ओरडून मरतोय आणि ही बया सेट बंद करून बसलीय."

"शब्द न् शब्द ऐकत होते," कुंतला म्हणाली. "डाळ पातळ होती, तेसुद्धा." आणि इतके दिवस न रडलेली ती बाई तोंडाला पदर लावून रडली. बाबूंनी त्या तारा पुन्हा गुंडाळल्या नाहीत. एकेक करून जमिनीत पुरल्या.

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बाबू आणि कुंतला मुलीकडे राहतात, घराची किल्ली हॅम लोकांच्या क्लबकडे आहे. माझ्या अंगणात कोणी फरशी बसवली, कोणी नळासाठी चर खणला, कोणी मिरच्या लावल्या. प्रत्येक कुदळीबरोबर माझ्या दोनचार तारा तुटल्या. नवी मुलं येतात, काटा लावतात. तो हलला की चिमटा सरकवून एकावर आणतात, "फर्स्टक्लास!" म्हणतात आणि माझ्यासोबत फोटो काढून जातात. खाली वाकून माती उकरून कोणी बघत नाही. माझी शक्ती पुन्हा दगड पितो आहे.

मी तक्रार करायची म्हणून करत नाही. पण आज समुद्राचा रंग बदलला आहे आणि मासेमारीच्या होड्या वर ओढून ठेवल्या आहेत, म्हणजे पुन्हा वादळ येतंय. परवा कोणीतरी धावत येईल, सेट लावेल, काटा पाहील आणि जीव तोडून हाक मारेल. तुमच्यापैकी कोणी या टेकाडावर येणार असेल, तर माझी उंची बघू नका. हातांनी माती उकरा, तुटलेल्या तारा जोडा, आणि दूरच्या एखाद्या माणसाला विचारा, "मी ऐकू येतोय का?" उद्याच्या दिवसात विचारा. परवा विचारून उपयोग नाही.