मागे पळालेलं खोकं

“मागे? पुढे ओढलेलं खोकं मागे पळालं? भूत बसलंय का त्यात?”

मास्तरांनी वही मुलीपुढे आपटली. निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. इथे बाक एकच, जेवणाचं टेबल; आणि विद्यार्थिनी पस्तिशीची.

“पाच किलोचं खोकं,” ती म्हणाली. “घर्षण जास्तीत जास्त वीस न्यूटन. ओढ बाराची. बारातून वीस गेले, उणे आठ. त्वरणही उणे आलं. त्याला मी काय करू?”

“डोकं वापर! जास्तीत जास्त वीस म्हणजे दर वेळी वीसच का?”

“ओरडू नका.”

“मग काय टाळ्या वाजवू? उद्यावर आलीय परीक्षा!”

पाणीपुरवठा केंद्रात तंत्रज्ञाची जागा मिळाली, तर ती इथेच राहणार होती. नाहीतर रविवारी जावई तिला न्यायला येणार होता. ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणून थोरल्या भावाने केव्हाच हात झटकले होते. तिच्या कोपराखालचा निळा डाग अजून पिवळाही पडला नव्हता.

“जगाच्या पोरांना शिकवलंत,” ती म्हणाली. “माझी वेळ आली तेव्हा म्हणालात, चांगलं स्थळ हातचं जाईल. आता एका दुपारीत न्यूटन पाजताय!”

मास्तरांचा राग मावत नव्हता, आणि कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. ते तिरीमिरीत उठले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाला दोन्ही हात लावले. वर्गात दर वर्षी ते आपलं टेबल असंच ढकलायचे. आधी हळू, टेबल ढिम्म. मग नेट लावून. टेबल करकरत सरकायचं, पोरं आरडाओरडा करायची आणि घर्षणाची मर्यादा जन्मभर विसरायची नाहीत.

“बघ. हळू ढकलतोय. हललं?”

“नाही.”

“का?”

“ते... तेवढंच अडवतंय.”

“आणि आता?”

मास्तरांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. पायातली चप्पल मागे घसरली. कपाट ढिम्म.

“आताही तेवढंच,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही ढकलाल तेवढं. वीसपर्यंत.” तिनं उणे आठ खोडलं. घर्षण बारा लिहिलं, त्वरण शून्य. “आलं, बाबा. सोडा आता.”

“थांब. सरकायचं राहिलंय.”

“अहो, कळलं मला.”

“सरकवतो म्हटलं ना!” मास्तर ओरडले. कपाटाच्या जागी जावईच उभा असावा, तसे ते खांदा देऊन रेटत होते.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या गणितात ओढ पंचवीसची होती. तिनं न विचारता खोकं पुढे सरकवलं. पाठीमागे मास्तरांचा श्वास फुलला होता. कपाट जागचं हललं नव्हतं. आतले रिकामे हँगर तेवढे एकमेकांवर किणकिणत होते.