बिनसाखरेची शिराझ

निर्मळ गावच्या आग्नेलकडची वाइन गोड, हे गावात कुणालाही विचारा. त्याचा बाप बॅप्टिस्ट नाशिकहून काळी द्राक्षं आणून चिनी मातीच्या बरण्यांत घाले आणि वर सढळ हाताने साखर ओती. नाताळला तयार, ईस्टरपर्यंत फस्त. आग्नेलने तेच पुढे चालवलं आणि मागच्या पडवीची वाइनरी केली. आपल्या वाइनशिवाय गावात लग्न लागत नाही, असं तो सांगायचा. लोक मान डोलवायचे, कारण हातातला ग्लास त्याचाच असायचा.

२००१ साली त्याचा मुलगा प्लासिड दिंडोरीकडून शिराझ जातीची द्राक्षं घेऊन आला आणि सोबत घरात भांडणही. साखर घालायची नाही, घाई करायची नाही. आधी लाकडी पिंपात ठेवायची, मग बाटल्यांत, आणि दहा वर्षं तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नाताळात आग्नेलने पिंपातली चव घेतली आणि असं तोंड वाकडं केलं की सुनेला, फ्लॉसीला, हसू आवरेना.

"हे काय, काढा?"

"पपा, मुरायला हवी."

"मुरायला लोणचं आहे का?"

तेव्हापासून बरण्यांतली ती 'आपली' वाइन आणि प्लासिडची ती 'त्याची'. प्लासिड चाळिशीचा बाप्या, पण हा एक शब्द त्याला आतून टोचत राही. वडिलांनी एकदा तरी 'आपली' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. असलं काही तोंडाने मागता येत नाही, हीच पंचाईत.

२००८च्या पावसाळ्यानंतर आग्नेलने अंथरूण धरलं. एका सकाळी फादर येऊन आजाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लावून, प्रार्थना करून गेले. शिराझची दहा वर्षं भरायला अजून अवकाश होता.

"कुणासाठी ठेवतोस आता? उघड," फ्लॉसी म्हणाली.

प्लासिडने बाटली उघडून थोडी ग्लासात ओतली आणि आधी स्वतः चव घेतली. तुरटपणा निवला होता. या घरात इतकी चांगली वाइन आजवर झाली नव्हती, हे त्याला पहिल्याच घोटात कळलं. त्याने चमचा वडिलांच्या ओठांना लावला.

आग्नेलने घोट तोंडात घोळवला.

"साखर विसरलास रे," तो म्हणाला.

तो चिडवत नव्हता. ग्लानीत त्याचं मन मागे गेलं होतं; त्याच्या लेखी पोरगं पहिल्यांदाच बरणी भरत होतं आणि चुकलं होतं. डोळ्यांत काळजी दाटली होती. "लग्नघरी आता काय देणार?"

सात वर्षं घोकलेलं उत्तर प्लासिडच्या जिभेवर आलं. ते त्याने गिळलं. स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणला आणि ग्लासात भरभरून चमचे घातले. फ्लॉसीने त्याचा हात धरला. "अरे, नासवतोस कशाला?"

"असू दे."

आग्नेल चमच्या-चमच्याने प्यायला. सावकाश, आवडीने.

"हां. आता आपली झाली."

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो हा असा आला. प्लासिडला रडू आवरेना. तो वडिलांच्या उशाशी डोकं टेकून हुंदके देऊ लागला. आग्नेलने हात त्याच्या केसांवर ठेवला.

"एवढं काय झालं रडायला? पुढच्या वर्षी लक्षात ठेव."

"हो, पपा," प्लासिड म्हणाला.