लायसनचं चिकटवलेलं पान

मित्रांनो, मी एक जुना मोटार-परवाना आहे. पिंपळगाव राजाचे लोक मला लायसन म्हणत, म्हणून मीही स्वतःला लायसनच म्हणतो. तळहातात मावेन एवढा माझा जीव. वरून निळा कापडी पुठ्ठा, आत बारा पानं. माणसाजवळ मी नसलो तरी तो माणूसच राहतो. माझ्याजवळ माणूस नसला तर मी नुसता कागद.

माझा माणूस दयाराम.

नागपूरच्या सरकारी छापखान्यात मी छापला गेलो आणि चोपन्न सालच्या ऑगस्टात अकोल्याच्या मोटार-कचेरीत माझ्या पहिल्या पानावर दयारामचा फोटो बसला. कोट खामगावच्या फोटोवाल्याचा, बाह्या चार बोटं आखूड. डोळे असे वटारलेले की समोरून ट्रकच येतो आहे. तिथल्या साहेबांनी त्याला दोन ड्रमांच्या मधून ट्रक उलटा काढायला लावला. त्यानं काढला, आणि फोटोच्या कोपऱ्यावर शिक्का बसला. पिंपळगाव राजात तेव्हा बैलगाड्यांची मोजदाद नव्हती आणि लायसन एकच होतं. ते मी.

त्यानंतरची सात वर्षं माझी सुखाची. दयाराम खामगावच्या एका जिनिंगवाल्याचा ट्रक चालवायचा, कापसाच्या गठाणी न्यायचा, आणि मी त्याच्या खिशात घामाच्या वासात झोपायचो. नाक्यावर शिपाई मला हातात घेऊन उलटसुलट बघायचे. लग्नाच्या पंगतीत म्हातारे मला मागून घ्यायचे आणि बोटाला लागलेला वरणाचा पिवळा डाग माझ्या पुठ्ठ्यावर ठेवून परत करायचे. घरात दुसरा फोटो नव्हता, त्यामुळे दयाराम जेवायला बसला की त्याची बायको जनकाबाई मला उघडून बघायची. खरा माणूस समोर जेवतो आहे आणि ही फोटो बघते आहे! असतं एकेकीचं.

आणखी एक नवल सांगतो. मी मध्य प्रदेशात जन्मलो, मग मुंबई राज्याचा झालो, आणि साठ साली महाराष्ट्राचा. तीन राज्यांचे तीन शिक्के माझ्या अंगावर आहेत, आणि या सगळ्यात दयारामचं घर तसूभर हललं नाही.

मग मालकानं ट्रक विकला. दयाराम लोकांच्या वावरात कामाला जाऊ लागला आणि मी देवांच्या पाटाशेजारी फळीवर जाऊन बसलो. काम नव्हतं तरी त्रेसष्टच्या ऑगस्टात त्यानं अकोल्याला जाऊन माझी मुदत तीन वर्षं वाढवून आणली. शेजारचे हसले. गाय मेली अन् दावं जपून राह्यला, म्हणाले.

त्या वर्षी घरात दोन गोष्टी एकदम आल्या. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर जनकाबाईला दिवस गेले, सातवा महिना लागला. आणि लांबच्या धरणाच्या कामावर माणसं नेणारा एक मुकादम गावात आला. दयारामनं नाव दिलं. दुसरं काय करणार? दसऱ्यानंतरच्या बुधवारी ट्रक निघणार होता, आणि एकदा गेलेला माणूस वर्षभर परतत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. जनकाबाई घरातली भांडी पुन्हा पुन्हा घासायची.

अशात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दयारामनं मागे धाडलेल्या एका अर्जाच्या उत्तराचं कार्ड आलं. वडनेर भोलजीच्या अकरा कास्तकारांनी, म्हणजे शेतकऱ्यांनी, मोटार मंडळ काढलं होतं. अकरा जणांत मिळून एक जुनी जीप. ज्याला गरज पडेल त्यानं पाळीनं न्यायची, आजाऱ्याला पाळीशिवाय. त्यांना ड्रायव्हर हवा होता. सोमवारी ट्रायल. मंडळाचे चिटणीस वामनराव यांनी कार्डात बजावून लिहिलं होतं की अस्सल लायसन आणावं, नकल चालणार नाही, फोटो स्पष्ट असावा, मुदत चालू असावी, आणि उमेदवाराला रोजची नोंदवही लिहिता यावी. जनकाबाई चौथी शिकलेली. तिनं ते कार्ड तीनदा मोठ्यानं वाचलं.

मित्रांनो, तीनदा वाचलं, पण फोटो स्पष्ट असावा हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. सुतार वाकस पुजतो, कास्तकार वखर. दयारामचं हत्यार मी. मागच्या वर्षी जनकाबाईनं माझ्या पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचं एक बोट टेकवलं होतं. या वर्षी कार्ड आलेलं, आशा मोठी. तिनं मला पाटावर उघडलं. गाडी तर अजून आली नव्हती, मग टिळा कोणाला लावायचा? चालवणाऱ्याला. तिनं कुंकू पाण्यात चांगलं कालवलं आणि फोटोतल्या दयारामच्या कपाळाला ठसठशीत लावलं, वर अक्षता दाबल्या आणि मला मिटून देवापुढे ठेवलं.

ते ओलं कुंकू रात्रभर माझ्यात उतरत गेलं. कपाळावरून भुवयांत, भुवयांतून डोळ्यांत. मला हात असते तर मी पानं फाकवून वाऱ्याला धरली असती. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. कागदाला दोन्ही नसतं.

सोमवारी सकाळी दयारामनं मला तसंच्या तसं रुमालात बांधलं. देवापुढची वस्तू कामाला नेताना उघडायची नाही, ही त्याच्या आईची शिकवण. जनकाबाईही निघाली. तिची बहीण बेबीताई वडनेरलाच दिलेली. जनकाबाईनं बरोबर लुगड्यांचं गाठोडं घेतलं. नोकरी लागली तर बहिणीला भेटून परत यायचं, नाही लागली तर बाळंतपणापर्यंत तिथेच राहायचं आणि दयारामनं एकट्यानं मुकादमाच्या ट्रकात चढायचं. एस.टी.त ते गाठोडं दोघांच्या मध्ये होतं.

मंडळाच्या गोदामाच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. वामनराव, आणि शेजारी मंडळाचे अध्यक्ष माणिकराव, पागोटं घातलेले म्हातारे कास्तकार. मलकापूरचा कचरू नावाचा ड्रायव्हर चांगली ट्रायल देऊन बाजूला विडी ओढत बसला होता. दुसरा एक जण जीप नाल्यात घालून घरी गेला होता. तिसरा दयाराम.

वामनरावांनी मला उघडलं. पानाचा कर्रकन आवाज झाला. फोटोच्या जागी लालभडक गोळा आणि त्यात रुतलेले तांदळाचे चार दाणे.

"हे लायसन हाय का कुंकवाचा करंडा?" वामनराव म्हणाले.

"सायेब, आधी नारळ फोडा, मंग वाचा," कचरू म्हणाला, आणि ओसरीवरचे सगळे हसले.

दयारामनं सदऱ्याच्या बाहीनं फोटो पुसायला घेतला. लाल निघालं, पण त्याबरोबर फोटोची वरची कातडीही निघाली. आता तिथे कोटाचा एक खांदा राहिला, तोही फोटोवाल्याचा.

वामनराव वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मले तुह्यावर राग नाही, दयाराम. पण गाडी अकरा जणांची हाय. उद्या कोणीबी असं लायसन आणून म्हणन का हे माहंच, तं मी काय पाहून किल्ली देऊ? याच्यात तुही दुसरी काही खूण हाय का? चार वाजेपर्यंत थांबतो. मंग कचरूचं नक्की."

दयाराम म्हणाला, "नाही."

मित्रांनो, ते खोटं होतं. मी हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण मालकाची लाज ती माझीही लाज. माझ्या फोटोच्या मागच्या बाजूला सही करायची जागा होती. चोपन्न साली दयारामला सही येत नव्हती. त्यानं तिथे डाव्या अंगठ्याचा ठसा दिला होता. पुढे जनकाबाईनं पाटीवर गिरवून गिरवून त्याला सही शिकवली, वाचायला शिकवलं, आकडे शिकवले. मग त्याला त्या अंगठ्याची लाज वाटू लागली. नाक्यावर शिपाई ते पान उघडून त्याच्याकडे बघायचे, तेव्हा त्याचे कान तापायचे. एका दुपारी त्यानं कणकेची खळ करून ते पान पुढच्या पानाला चिकटवून टाकलं. जनकाबाईलाही सांगितलं नाही. आणि आता तर त्यानं अर्जावर झोकात सही केली होती. अंगठा बाहेर आला तर वामनराव म्हणणार, सही दुसऱ्यानं ठोकली, याला नोंदवही कसली लिहिता येते! दयारामला ओळखणारी एकच खूण माझ्या पोटात होती, आणि तीच दाखवायची त्याला चोरी होती.

तो मला घेऊन निंबाखाली आला. जनकाबाई गाठोड्यावर बसली होती. त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं उघडलं आणि बघितलं.

"म्याच तुमचं तोंड पुसलं," ती म्हणाली.

ती उठायला लागली. पोटावर एक हात, गाठोड्यावर एक हात. बहिणीच्या घराकडे निघायचं होतं तिला. तो रागावेल असं तिला वाटलं होतं, पण दयाराम रागावलाच नाही, आणि ते तिला जास्त लागलं. दयाराम खाली मातीकडे बघत होता. गाठोडं तिच्या काखेत गेलं तेव्हा कुठे त्याच्या तोंडून शब्द निघाला.

"थांब. एक पान म्या चिकटवलं हाय. त्यात माहा अंगठा हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"सही म्या शिकवली तुमाले. अंगठा तं जन्माचा हाय. मंग लाज कोणाची वाटून राह्यली?" ती म्हणाली. "चला, उठा. साडेतीन वाजून गेले."

ती मला घेऊन समोरच्या चहाच्या हॉटेलात गेली. हॉटेलवाल्याला म्हणाली, चहा नको, वाफ पाहिजे. तो बघतच राहिला. तिनं उकळत्या किटलीच्या तोंडावर मला धरलं. मित्रांनो, कागदाला वाफेत धरणं म्हणजे काय ते मी कसं सांगू? अंगभर शिक्के फुगले, शाई पाझरायला लागली, मुंबई राज्याचा शिक्का तर त्या दिवशी कायमचा फिका झाला. मला वाटलं, पान सुटायच्या आधी मीच संपतो. तिची बोटं भाजत होती, पण तिनं हात हलवला नाही. खळ मऊ झाली. तिनं अंबाड्यातला आकडा काढून पानांच्या मध्ये सारला आणि दम धरून, केसभर केसभर पुढे नेत, पान सोडवलं.

ठसा होता. त्यावर एक पांढरी तिरपी रेघ होती.

टेबलावर मी पुन्हा उघडलो गेलो तेव्हा वामनराव कागद गोळा करत होते. त्यांनी अंगठा बघितला, मग अर्जावरची सही बघितली, आणि भुवया वर केल्या. दयारामला वाटत होतं तेच त्यांनी विचारलं. सही कोणाची?

"चोपन्न साली अंगठाच येत होता. आता सही येते," दयाराम म्हणाला. "दोन्ही माहेच हायेत."

माणिकरावांनी शाईची गादी पुढे सरकवली. दयारामनं ओसरीवरच्या सगळ्यांदेखत कोऱ्या कागदावर डावा अंगठा उठवला, आणि त्याच्या शेजारी सही केली. माणिकरावांनी सांगितलं म्हणून खाली तारीख लिहिली, वार लिहिला, गावाचं नाव लिहिलं. म्हाताऱ्यानं दोन्ही ठसे जवळ धरले. नव्या ठशातही तीच तिरपी रेघ, विळ्याच्या जुन्या जखमेची.

"इळा कवा लागला बे?"

"बारा वर्साचा होतो. ज्वारी सोंगताना."

माणिकराव वामनरावांना म्हणाले, "फोटो काय, कोट बदलला का माणूस बदलते. हा ठसा याचाच हाय. दे किल्ली."

दयाराम जीपकडे गेला. मी टेबलावरच राहिलो, उघडा, ओला. मला जीप दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. दोन वर्षं त्याचा पाय क्लचवर पडला नव्हता. पुन्हा खोकलं, पुन्हा बंद. कचरूनं विडी विझवली. जनकाबाई टेबलाच्या कडेला उभी होती. तिची भाजलेली बोटं माझ्या पानावर होती. तिसऱ्यांदा इंजिन धरलं. गाडी गेली. आवाज नाल्याकडे लहान होत होत नाहीसा झाला. आणि मग काहीच नाही. मी मनात म्हणत होतो, उलटा काढ बाबा, दोन ड्रमांच्या मधून काढला होतास तसा.

बऱ्याच वेळानं आवाज परत आला. गाडी मागे मागे येत होती, गोदामाच्या अरुंद फाटकातून, न थांबता, न घासता.

वामनरावांनी नोकरी दिली, पण अट घातली. पंधरा दिवसांत अकोल्याहून चेहरा दिसेल असं नवीन लायसन आणायचं, तोवर गाडी कचरू चालवील. बुधवारी मुकादमाचा ट्रक दयारामशिवाय गेला असेल. मी तेव्हा त्याच्या खिशात अकोल्याच्या वाटेवर होतो.

कचेरीत कारकुनानं नवीन पुस्तक काढलं. नवा फोटो, स्वतःचा सदरा, आणि खाली सही. मग त्यानं मला घेतलं, माझ्या पानांवर तांबड्या शाईच्या दोन आडव्या रेघा मारल्या आणि रद्द असं लिहिलं. दयारामनं मला परत मागितलं. कारकून म्हणाला, जुनं सरकारजमा होतं. दयाराम जरा वेळ तिथेच उभा राहिला. मग मागच्या माणसानं त्याला सरकवलं.

तेव्हापासून मी इथे, अकोल्याच्या एका फळीवर, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यात आहे. माझ्यासारखे इथे पुष्कळ आहेत. कोणाला वाळवीनं खाल्लं, कोणाला पानाच्या पिचकारीनं. सगळ्यांवर कोणाची ना कोणाची माया होती. म्हणून मित्रांनो, कागदावर माया करायची तर कोरड्या हातानं करा. कामाला निघायच्या आदल्या दिवशी तो उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, देवापुढे असला तरी बघा. देव रागावत नाही, चिटणीस रागावतो. आणि लाजेनं एखादं पान चिकटवलं असेल, तर ते घरीच, सवडीनं, आपल्या माणसाजवळ बसून सोडवा. किटलीच्या वाफेवर वेळ फार थोडा असतो.

आणखी एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी वडनेर भोलजीकडे गेलं, तर मंडळाची जीप कोण चालवतो एवढं बघा, आणि त्याला विचारा की जनकाबाईला काय झालं, मुलगा की मुलगी, आणि दोघं बरी आहेत ना. मला इथे कोणी सांगितलेलं नाही.