गवाही देणाऱ्या गोगलगायी

रविवारी सकाळी गोहलपुरातल्या त्या गल्लीत सायकलसुद्धा पुढं सरकत नसे. लोहाराच्या भट्टीला लागून असलेल्या पडवीत गवाहीबाबा बसत. समोर पितळेची परात असे. विहिरीचं गार पाणी ओतून ती सगळ्यांसमक्ष थंड करायची, पुसायची, आणि मग चेला तिच्यात शंख नसलेल्या दोन गोगलगायी आणून ठेवी. एक रोग्याच्या जिवाची, दुसरी रोगाची.

"न मंतर, न जंतर!" बाबा गरजत. "एक ही थाली, एक ही ठंडक! झूठ आदमी बोलता है, घोंघा नहीं बोलता!"

घोंघा म्हणजे गोगलगाय; ती काहीच बोलत नाही, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येत नसे. थोड्याच वेळात बहुतेकदा जिवाची गोगलगाय शिंगं काढून चालू लागे, रोगाची अंग आखडून जागीच बसे, आणि पडवीत जयजयकार होई. क्षयापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यांचे निकाल त्या परातीत लागत.

त्या दिवशी परातीपुढं प्रतिमा बसली होती. मागं तिची नणंद हेमलता दात-ओठ खात उभी होती. हेमलता राइट टाउनमधल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. प्रतिमाला क्षय होता. इंजेक्शनं आणि गोळ्यांनी ती आता कुठं सावरत होती; औषध मात्र अजून बरेच महिने घ्यायचं होतं.

जिवाची गोगलगाय चालली. बाबांनी दोन्ही हात वर केले.

"रोग हार गया, बेटी! अब सुई बंद. सुई चुभेगी तो जीव रूठ जाएगा!"

रुसलेल्या जिवाची समजूत घालायला काढ्याची बाटली होतीच, आणि ती काही फुकट नव्हती.

घरी आल्यावर हेमलतेनं भावाला धारेवर धरलं. "अंबादास, फॅक्टरीत तोफेचे भाग बनवतो तू, अन् घोंघ्याचं ऐकून राहिला?"

अंबादासनं वडिलांकडं पाहिलं. बापू शांतपणे म्हणाले, "हेमा, धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव मीच नर्मदेत सोडले. नारळ, अंगारा, अंगात येणं असतं तं मी तिकडं पाऊलही टाकलं नसतं. हा तं जिवंत प्राणी आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. हे सायन्सच होय."

मेख इथंच होती. बाबा माणूस बघून बोलत. देवभोळ्यांपुढं महादेव काढायचे आणि देव सोडलेल्यांपुढं जीव. देवाचं नाव नाही म्हणजे फसवणूकही नाही, असं बापू धरून चालले होते.

"ताई, ते सुई लई दुखते," प्रतिमा हळूच म्हणाली. "अन् आता बरंच वाटून राहिलं मले." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून हेमलतेला रडू आलं.

पुढच्या रविवारी हेमलता पुन्हा गेली आणि बाबांकडं न बघता गोगलगायींकडं बघत राहिली. चालणाऱ्या प्रत्येक गोगलगायीच्या चिकट अंगाला लाकडाचा भुसा लागलेला होता. भुशात बर्फ ठेवतात. आणि बसून राहणाऱ्या येत होत्या त्या भट्टीच्या भिंतीला टेकवलेल्या डब्यातून.

तिला सगळं उमगलं. गोगलगायीला स्वतःची ऊब नसते. हवा जशी, तसं तिचं अंग. तिला बरेच दिवस थंडीत ठेवलं की शरीर त्या थंडीला सरावतं, आतली चूल जरा मोठी करतं, आणि ती गारठ्यातही श्वास घेते, चालते. उबेत ठेवलेलीची चूल मंद होते. तिला एकदम गार परातीत टाकलं की ती थिजते. परात एकच होती हे खरं, पण दोघींचे आधीचे दिवस वेगळे होते. कुणाला जिवाची म्हणून भुशातली द्यायची आणि कुणाला डब्यातली, ते बाबा गिऱ्हाईक बघून ठरवत.

पण बापूंना हवा होता डोळ्यांनी दिसणारा पुरावा. हेमलतेनं शाळेच्या कुंड्यांखालच्या गोगलगायी गोळा केल्या. निम्म्या चुलीशेजारी ठेवल्या, निम्म्या बर्फाच्या भुशात. सवय लागायला आठवडे जातात. तेवढ्यात प्रतिमाचा खोकला परतला, अंगात बारीक ताप राहू लागला. इंजेक्शनासाठी हेमलतेनं हात जोडले, तर अंबादास म्हणे, "चलो दीदी, आधी तुमचे घोंघे चालवून दाखवा."

अखेर एका रविवारी बापूंना सोबत नेऊन तिनं सगळ्यांसमक्ष बाबांच्याच परातीत आपल्या दोन गोगलगायी ठेवल्या. भुशातली चालली, चुलीजवळची बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं.

"ना कोणाचं नाव घेतलं, ना कोणाचा रोग," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ही थंडीची सवय आहे. बस, एवढंच!"

मग बाबा प्रसन्न हसले. "देखा? मेरी थाली में पराया घोंघा भी गवाही देता है!"

आणि जयजयकार पहिल्यापेक्षा मोठा झाला. एकटे बापू गर्दीतून उठले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः प्रतिमाला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी इंजेक्शनं पुन्हा सुरू केली, पण मधल्या काळात रोग दोन्ही फुप्फुसांत पसरला होता आणि जुन्या औषधांना आता दाद देत नव्हता. होळीच्या आधी प्रतिमा गेली.

शोकसभेत बुद्धवंदना झाली आणि बापू भिंतीला धरून उभे राहिले. "आपल्यापैकी अजून बरेच जण तिथं जातात," ते म्हणाले. "नका जाऊ. देवाचं नाव नसलं तरी माणूस फसवतो. दिसलं ते कसं झालं, ते विचारा. अन् औषध मधात सोडू नका. माझी सून गेली."

लोक खाली माना घालून ऐकत होते. हेमलतेला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

लोक पांगल्यावर शेजारची पुष्पा तिच्याजवळ आली. तिच्या कडेवरचं पोर तापानं मलूल झालं होतं.

"दीदी, तो बाबा लबाड आहे, पटलं मले," ती कुजबुजली. "तुमच्यापाशी अजून असतील ना घोंघे? तुमचे तं खरे असतील. माझ्या पोराचं जरा पाहून द्या ना."

"पुष्पा, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ. मी येते सोबत."

"अच्छा," पुष्पा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि दवाखान्याचा रस्ता सोडून ती गोहलपुरातल्या त्या गल्लीकडं वळली.