ओल काढणारा माणूस

गळती आणि ओल काढणं हा माझा धंदा. भिंतीला नुसता तळहात लावून पाणी कुठून झिरपतंय ते सांगतो. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. अशा माणसाच्या घरात लेकीने कासवाचं पिल्लू आणलं. मामाने दिलेलं, जमिनीवरचं, लिंबाएवढं. नाव ढब्बू.

रोज सकाळी ती त्याला दहा मिनिटं कोमट पाण्याच्या ताटलीत बसवायची, त्याच्या पेटीतल्या मातीवर पाणी शिंपडायची, ओलं शेवाळ घालायची आणि शाळेत जायची. मागे घरभर कुबट वास. माझं डोकंच उठायचं. ती गेली की मी शेवाळ गॅलरीत वाळत घालायचो आणि झाकण काढून पेटीवर पंखा सोडायचो. ती यायच्या आत सगळं जिथल्या तिथे. ओलीत कोणाचं भलं झालंय, असं आपलं माझं मत.

"बाबा, पेटीतलं ओलाव्याचं मीटर सकाळी ऐंशी दाखवतं आणि संध्याकाळी तीस. मी पाणी कमी मारते का?"

"मारत असशील. लक्ष कुठे असतं तुझं!" मी म्हणालो. वर हसलोही.

सहा महिन्यांत ढब्बूच्या पाठीवर टेंगळं आली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उलटंपालटं करून पाहिलं.

"हवा फार कोरडी मिळालीय. अंगात पाणीही कमी आहे. रोज शिंपडत होतीस ना, बाळ?"

"हो... बहुतेक. विसरत असेन कधीकधी."

मी समोरचा लसींचा तक्ता वाचत बसलो.

"यापुढे जपलंत तर नवी वाढ नीट होईल. ही टेंगळं मात्र जाणार नाहीत. साठ-सत्तर वर्षं जगतं हे."

गिऱ्हाइकाला मी दहा वर्षांची गॅरंटी देतो. माझं हे काम सत्तर वर्षं टिकणार होतं.

घरी आल्याआल्या तिने पेटीवर कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विसरायचं नाही.' मला स्वतःची किळस आली.

"अगं, शेवाळ मी वाळवत होतो," मी म्हणालो. "रोज. पंखा लावून. मला तो वास सहन होत नव्हता."

ती बघतच राहिली. तिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, असं मला फार वाटत होतं.

"म्हणजे मी विसरत नव्हते?"

"एकही दिवस नाही."

दवाखान्यात डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी पोर ढब्बूला पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.